दहावीची लेक चाचणी म्हटलं की आजारी पडते, शाळेत नेमकं कोणाशी बोलायचं?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी, इथे नुसती वाचत असते, लिहायची ही पहिलीच वेळ, लांबलं तर सांभाळून घ्या.

लेक दहावीला आहे, मराठी माध्यम, सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. नववीपर्यंत सगळं ठीक होतं, म्हणजे पहिल्या नंबरात येणारी नाही पण ७५-८० टक्क्यांच्या आसपास, शाळेत जायला कधी कटकट नाही, गॅदरिंगमध्ये पुढे, वर्गात बडबडी. यावर्षी शाळा सुरू झाल्यापासून मात्र रविवार संध्याकाळ झाली की गप्प, जेवत नाही, आणि सोमवारी सकाळी पोटात दुखतंय, मळमळतंय. चाचणीच्या दिवशी तर हमखास. एकदा उलटी पण झाली. डॉक्टरांकडे नेलं, सोनोग्राफी केली, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले टेन्शनचं आहे, होईल कमी, आणि अ‍ॅसिडिटीची गोळी दिली.

सासूबाई दृष्ट काढतात, दीर म्हणतात नाटकं आहेत, मोबाईल काढून घ्या, मिस्टर मधल्यामध्ये. मला नाटकं वाटत नाहीत कारण दिवाळीच्या सुट्टीत एकदाही पोट दुखलं नाही आणि शाळा सुरू व्हायच्या आदल्या रात्री परत सुरू.

खोदून खोदून विचारल्यावर कळलं ते असं. गणिताच्या घटक चाचणीत वीसपैकी सहा पडले. त्यांच्या वर्गशिक्षिका (त्याच गणित शिकवतात) मार्क मोठ्याने वाचतात, जास्तीपासून कमीपर्यंत, आणि शेवटच्या चार-पाच जणांना उभं करतात. हिला म्हणाल्या की तुमच्यासारख्यांमुळे यंदा शाळेचा शंभर टक्के निकाल जाणार. झालं, तेव्हापासून गणिताची वही उघडली की हात थरथरतात म्हणते.

शाळेत समुपदेशक वगैरे कोणी नाही. बाईंशी सरळ बोलावं तर मुलीवर राग काढतील अशी भीती वाटते, अंतर्गत गुण त्यांच्याच हातात असतात ना. पालकसभेत बोलावं तर सगळ्यांसमोर मुलीचं नाव होणार. बरं गावात मानसोपचाराचा डॉक्टर म्हटलं की लोक काय काय बोलतात ते वेगळंच.

तर विचारायचं हे की शाळेत कोणाशी, कसं बोलायचं? आणि सांगली-मिरजेकडे किंवा फोनवर अशी मदत मिळते का? बोर्डाला फार दिवस राहिले नाहीत.

पाऊसवेडी

आमच्याकडे पण हेच चालू आहे, फक्त मुलगा आणि विषय इंग्रजी. वाचतेय.

खडूफळा

ताई, मी अनुदानित शाळेत शिक्षक आहे, दहावीचे वर्ग वर्षानुवर्षं घेतोय, त्यामुळे आतल्या बाजूने सांगतो.

आधी ती अंतर्गत गुणांची भीती काढून टाका. भाषांना लेखी ८० आणि अंतर्गत २०, गणिताला दोन पेपर ४०-४० चे आणि अंतर्गत २०. हे २० गुण राग म्हणून कमी द्यायचे तर शाळेचाच निकाल खाली येणार, आणि ज्या शाळेला शंभर टक्क्यांचा फ्लेक्स गेटवर लावायचाय ती हे कशाला करेल? माझ्या पाहण्यात तरी गुण सढळ हातानेच दिले जातात. तेव्हा या भीतीने गप्प बसू नका.

आता बोलायचं कसं. पालकसभेत अजिबात नको. तिथे चाळीस पालक, प्रत्येकाला घाई, आणि बाई बचावात जाणार. मधल्या सुट्टीत पण नको, तेव्हा स्टाफरूममध्ये डबा, पेपर तपासणं आणि पोषण आहाराच्या नोंदी हे सगळं एकदम चालू असतं. आधी फोन करून वेळ मागा, शाळा सुटल्यावरची. आणि पहिल्याच भेटीत "तुमच्यामुळे मुलगी आजारी पडली" हे वाक्य गिळा, कितीही खरं असलं तरी. डॉक्टरांचा कागद दाखवा, सोनोग्राफी नॉर्मल आहे आणि डॉक्टर ताणाचं म्हणतात एवढं सांगा, मग मागा.

मागायचं म्हणजे नेमकं मागा. "मुलीकडे जरा लक्ष द्या" असं म्हणालात तर आम्ही मास्तर लोक मान हलवतो आणि दुसऱ्या दिवशी तिला पहिल्या बाकावर बसवतो, म्हणजे अजून वाईट. त्यापेक्षा असं म्हणा, की हिचे मार्क वर्गात वाचू नका, पेपर हातात द्या. चाचणीच्या वेळी मळमळलं तर न विचारता बाहेर जाऊन पाणी पिऊन येऊ द्या. आजारपणात एखादी चाचणी बुडाली तर पुन्हा घ्या. या तीन गोष्टींना शाळेला एक रुपया लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही, नाही म्हणायला कारणच सापडत नाही.

आणि मुलीला विचारा की शाळेत तिला कोण आवडतं. वर्गशिक्षिकाच पाहिजेत असं नाही. पी.टी.चे सर असतील, चित्रकलेच्या बाई, ग्रंथपाल, कधीकधी शिपाई मावशी सुद्धा. त्या माणसाला जाऊन भेटा आणि सांगा की हिला त्रास झाला तर तुमच्याकडे येऊन पाच मिनिटं बसू दे. आमच्या संचमान्यतेत, म्हणजे शाळेला मंजूर होणाऱ्या पदांच्या यादीत, समुपदेशक नावाचं पद मी तरी पाहिलेलं नाही, एका वर्गात साठ-सत्तर पोरं, पण असा एकजण प्रत्येक शाळेत असतोच आणि पोरांना तो कोण ते आपल्यापेक्षा आधी माहीत असतं.

बाईंनी ऐकलं नाही तर मुख्याध्यापक. प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती (मुलामुलींना शाळेत सुरक्षित वाटावं यासाठीची) असायला हवी असा शासनाचा २०२२चा निर्णय आहे, त्यात पालकांचे प्रतिनिधी पण असतात, समितीची नावं शाळेत लावलेली असायला हवीत. नुसती कागदावर आहे की खरंच बसते हे शाळेशाळेवर आहे म्हणा. पण विचारलं की हेडसर जरा सावध होतात, हा अनुभव आहे.

भाऊसाहेब_७१

माफ करा पण स्पष्ट बोलतो. आमच्या वेळी मास्तर छडीने हात सुजवायचे, घरी सांगितलं तर वडील दुसरा हात सुजवायचे. कोणाला पोटदुखी नाही का समुपदेशक नाही. आजकालची पोरं कचकड्याची झालीत आणि त्याला आईबाप कारण आहेत. उद्या नोकरीत साहेब बोलला तर तिथे पण आई जाणार का वेळ मागून?

बाकी एक प्रश्न. पोरगी क्लासला जाते का? किती वाजता? ते लिहिलंच नाही तुम्ही.

कृष्णाकाठची

भाऊसाहेब, राग नाही आला. क्लास आहे. सकाळी सहा ते साडेआठ, मग अकरा ते पाच शाळा, संध्याकाळी सहा ते आठ परत क्लास, रविवारी क्लासची टेस्ट. रात्री साडेअकरापर्यंत दोन्हीकडचा गृहपाठ. वर्गातल्या जवळपास सगळ्यांचं असंच आहे.

भाऊसाहेब_७१

मग चुकलं कुठे ते तुम्हीच लिहिलंत. बैलाला सुद्धा दुपारी जू काढून सावलीत बांधतात हो. आम्ही छड्या खाल्ल्या पण पाच वाजता दप्तर फेकून नदीवर जायचो, अंधार पडेपर्यंत घरी कोणी विचारायचं नाही. ही पोर पहाटे पाचला उठून रात्री साडेअकराला झोपते आणि मधे तिला उभं करून निकाल जाणार म्हणतात, पोट नाही दुखणार तर काय होणार. कचकड्याची म्हणालो ते मागे घेत नाही, पण या पोरीला लागू नाही.

एक क्लास बंद करा. सकाळचा करा. तेच धडे तीन-तीन वेळा ऐकून कोणी हुशार होत नाही.

मनमोकळी

पुण्यात दोन शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते. भाऊसाहेबांशी अर्धी भांडणार होते पण त्यांच्या दुसऱ्या पोस्टने पंचाईत केली :)

ताई, पोटदुखी खरी असते. ताण आला की शरीर पळायच्या तयारीत जातं, पचन मागे पडतं, मळमळ, कळ, घाम, थरथर हे सगळं त्यातलंच. सोनोग्राफीत ते दिसणार नाही. त्यामुळे घरात "काही झालेलं नाही तुला" हे वाक्य बंद, दीरांना पण सांगा. "दुखतंय ना, हो, दुखत असेल, थोडं बसू मग निघू" असं म्हणायचं. निघू हा शब्द महत्त्वाचा आहे. कारण पोट दुखलं की घरी राहायचं असं एकदा सुरू झालं की घरी बरं वाटतं, मग शाळा अजून मोठी भीती होऊन बसते, आणि आठवडाभर घरी राहिलेल्या मुलाला परत वर्गात बसवणं हे एक दिवस उशिरा पाठवण्यापेक्षा फार अवघड जातं. अगदीच झालं नाही तर दोन तास उशिरा पाठवा, पण पाठवा. आणि त्याच वेळी जे खुपतंय ते काढा, म्हणजे खडूफळा सरांनी सांगितलं ते मार्क वाचणं वगैरे. मुलीला धीट करा आणि वर्ग तसाच ठेवा हे चालत नाही.

झोपेचं भाऊसाहेब बोललेच. या वयात आठ ते दहा तास झोप लागते. तुमच्या वेळापत्रकात साडेपाच बसते. मी शाळेत पालकांना पहिला प्रश्न झोपेचा विचारते आणि निम्म्या वेळा पुढचं बोलणं तिथेच बदलतं.

परीक्षेच्या आधी घाबरल्यावर करायला एक साधं, श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावायचा. चार मोजत आत, सहा किंवा आठ मोजत बाहेर, दोन-तीन मिनिटं. हे घाबरल्यावर पहिल्यांदा करून उपयोग नाही, रोज रात्री झोपताना करायचं म्हणजे वेळेला आठवतं. आणि गणिताची वही उघडली की थरथर होते ना, मग सुरुवात सुटणाऱ्या गणितांपासून, आठवीच्या पुस्तकातली असली तरी चालतील, दहा मिनिटं, बास, वही बंद. हळूहळू वेळ वाढवा. लगेच सराव संच सोडवायला बसवू नका.

आता एक गोष्ट जी विचारायला आयांना भीती वाटते. तिला सरळ विचारा की कधी नको वाटतं का जगायला, स्वतःला काही करावंसं वाटतं का. विचारल्याने डोक्यात येत नाही, उलट मूल मोकळं होतं, हे आमच्या क्षेत्रात पक्कं आहे. ती नाही म्हणाली तर छानच. "मी नसते तर बरं झालं असतं" असं काही बोलली, आवडत्या वस्तू वाटायला लागली, हातावर ओरखडे दिसले, तर मग शाळेची भेट वगैरे थांबू दे, त्याच दिवशी डॉक्टर, आणि तिला एकटी सोडायची नाही. असं काही सांगून ती "कोणाला सांगू नको" म्हणाली तर ते वचन देऊ नका.

फोनवर मदत आहे. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाईन, नंबर १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, केंद्र सरकारची, फुकट, रात्री दोनला पण, भाषा मराठी निवडता येते. मुलगीच बोलली पाहिजे असं नाही, आधी तुम्ही बोला, पालकांनी केलेला फोन पण तेवढाच चालतो. मुलं स्वतः १०९८ या मुलांच्या हेल्पलाईनला पण करू शकतात, तो फक्त पळवून नेलेल्या मुलांसाठी आहे असा लोकांचा गैरसमज आहे. बोर्ड पण दरवर्षी परीक्षेच्या आधी विभागवार समुपदेशकांचे मोबाईल नंबर जाहीर करतं, पेपरात येतात, तुमचा कोल्हापूर विभाग. पण ते परीक्षेच्या तोंडावर, तोवर थांबू नका.

अजून एक, शाळेशी बोलताना उपयोगी पडेल. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत निर्देश दिलेत, शाळा, कॉलेज, होस्टेल आणि क्लासेस सगळ्यांना लागू. विशाखापट्टणमला नीटची (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची) तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात. त्यात शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यायचं, शिक्षकांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण, टेलिमानसचा नंबर वर्गात लावायचा. आणि गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या करणं, सगळ्यांसमोर पाणउतारा करणं टाळायचं हे पण त्यात आहे. माझ्या ओळखीच्या शाळांमध्ये अजून नंबरचा कागद लागलाय एवढीच प्रगती. पण लिहिलेलं आहे, दाखवता येतं.

अर्धवट_इंजिनिअर

मी इथे लहान आहे बहुतेक सगळ्यांपेक्षा, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. दहावीला गणितात उडालो होतो. म्हणजे खरोखर नापास, ३५ पण नाही. आमच्याकडे पण मार्क वाचायचे, वर आमच्या सरांना विनोद करायची हौस होती, पोरं हसायची आणि मी पण हसायचो सगळ्यात जोरात, घरी कोणाला कळलंच नाही काही.

जे मला तेव्हा कोणीतरी सांगायला पाहिजे होतं ते सांगतो ताई, तुमच्या मुलीला वाचून दाखवा वाटलं तर. बोर्डाचे टक्के सहा विषयांतले बेस्ट ऑफ फाईव्ह धरून काढतात, म्हणजे गणितात ४० पडले आणि बाकी पाचांत ८० तर टक्के ८० च येणार, गणित टक्क्यांत धरलंच जात नाही, फक्त पास पाहिजे. समजा उडालाच विषय तरी जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, वर्ष वाया जात नाही. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या सवलतीवर, अकरावीला बसता येतं. मला हे निकालाच्या दिवशी सायबर कॅफेवाल्या दादाकडून कळलं, शाळेतून नाही. वर्षभर मला वाटत होतं की नापास म्हणजे संपलं, डायरेक्ट गवंडीकाम.

अकरावीच्या जागा पण एवढ्या आहेत की २०२५ ला अख्ख्या राज्यात ऑनलाईन प्रवेश केले तेव्हा अर्जांपेक्षा लाखोंनी जागा जास्त होत्या. ठराविक कॉलेजला मारामारी असते, बाकी ठिकाणी रिकामे बाक. डिप्लोमाला दहावीत ३५ टक्के लागतात, आयटीआय वेगळं.

पुरवणीला मी पास कसा झालो तर गल्लीतल्या एका ताईने शिकवलं, बी.एस्सी. करत होती, तिने पहिल्या दिवशी पुस्तक उघडलंच नाही, विचारलं की कितवीपासून समजायचं बंद झालं. मी म्हणालो सातवी, अपूर्णांक. तिथून सुरू केलं. ५२ पडले. आता इंजिनिअरिंग ड्रॉइंग माझा आवडता विषय आहे, गणित अजून पण नाही आवडत, चालतंय.

आणि हो, वर्गात उभं केल्यावर सगळ्यात जास्त त्रास मार्कांचा नसतो, मैत्रिणी बघतात त्याचा असतो. तर तिच्या एखाद्या मैत्रिणीला घरी बोलवा, अभ्यासाला नाही, असंच, मिसळ खायला.

ओपीडीवाली_सिस्टर

उपजिल्हा रुग्णालयात आहे, जिल्हा तुमचाच नाही पण शेजारचा.

ताई मानसोपचार म्हटलं की लोक बोलतात म्हणालात ना, त्यावर तोड आहे. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात मैत्री क्लिनिक असतं, राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातलं, १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी, तिथे समुपदेशक असतात. पाळीच्या तक्रारी, पिंपल, वजन, अभ्यासाचं टेन्शन, सगळं एकाच खोलीत, त्यामुळे बाहेर बसलेल्या कोणाला कळत नाही कोण कशासाठी आलंय. जायच्या आधी फोन करून विचारा की समुपदेशक कुठल्या वारी असतात, कारण पद रिकामं असेल किंवा त्या गावोगाव शाळांना गेलेल्या असतील तर चक्कर फुकट. केसपेपरचे पैसे नाहीत, सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून सगळं मोफत आहे. मिरज आणि सांगली सिव्हिल मेडिकल कॉलेजकडे येतात, तिथे थोडी फी लागेल, पण तिथे मानसोपचाराचा पूर्ण विभाग आहे. आमच्याकडून भागलं नाही तर आम्ही तिकडेच पाठवतो.

आणि एक, हिमोग्लोबिन बघितलंय का? या वयाच्या मुलींमध्ये रक्त कमी असणं फार कॉमन आहे. दम लागतो, धडधडतं, डोकं चालत नाही, मग अभ्यास होत नाही, मग टेन्शन. शाळेत दर आठवड्याला निळी गोळी देतात लोहाची, अर्ध्या मुली ती खिडकीतून टाकतात, उपाशी पोटी घेतली की मळमळतं म्हणून. जेवल्यावर घ्यायची असते. सोमवारी गोळी देत असतील तर मळमळीचा तोही एक धागा तपासा. ताण नाही असं म्हणत नाहीये, दोन्ही एकदम असू शकतं.

भाऊसाहेब_७१

सिस्टर, हे गोळीचं बरं सांगितलंत. माझी नात पण टाकत असणार, आज विचारतो.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. मधे काही दिवस लिहायला जमलं नाही, आता काय काय झालं ते सांगते.

सकाळचा क्लास बंद केला. क्लासवाल्या सरांनी फी परत मिळणार नाही सांगितलं, मिस्टरांची कुरकुर झाली, पण झाला बंद. आता साडेसहाला उठते. पहिले काही दिवस तिलाच अपराधी वाटत होतं, मैत्रिणी पुढे जातील म्हणून, आता नाही म्हणत.

मनमोकळी ताईंनी सांगितलेला प्रश्न विचारला. मला आधी दोन दिवस तोंडच उघडेना. शेवटी भाकरी करता करता विचारलं, समोरासमोर बघून जमलं नसतं. ती म्हणाली तसं नाही गं, फक्त शाळा जळून जावी असं वाटतं. आणि मग बराच वेळ बोलत होती.

टेलिमानसला मी फोन केला होता, त्या बाईंनी शांतपणे ऐकलं, जवळपास हेच सगळं सांगितलं आणि परत फोन करा म्हणाल्या. हिमोग्लोबिन ९.४ निघालं. सिस्टर, तुमचे पाय धरायला पाहिजेत, सोनोग्राफीपर्यंत गेलो पण ही साधी तपासणी कोणी सांगितली नव्हती. औषध चालू केलंय. मैत्री क्लिनिकच्या ताई बुधवारी असतात, एकदा जाऊन आलो, परत बोलावलंय. सासूबाईंना सांगितलं रक्त कमी आहे म्हणून जातोय, त्या स्वतः बरोबर आल्या आणि बाहेर बसून जपमाळ ओढली.

पोट अजून दुखतं, चाचणीच्या दिवशी. पण शाळा बुडवली नाही मधल्या काळात.

शाळेचं मात्र अर्धवट आहे. मुलीने चित्रकलेच्या बाईंचं नाव घेतलं, त्यांना भेटले, त्या लगेच हो म्हणाल्या, उलट म्हणाल्या की अशा अजून दोघी-तिघी येऊन बसतात माझ्याकडे. वर्गशिक्षिकांना भेटले, खडूफळा सरांनी सांगितलं तसंच बोलले, काही आरोप न करता. बाहेर जाऊन पाणी पिण्याला आणि चाचणी परत घ्यायला हो म्हणाल्या. मार्क वाचण्याचं म्हटल्यावर जरा ताठ झाल्या, म्हणाल्या की मी वर्षानुवर्षं असंच करते, त्याने मुलं अभ्यासाला लागतात, तुमच्या एकटीसाठी पद्धत कशी बदलू, हिचं नाव गाळलं तर बाकीचे विचारतील. म्हणजे मुद्दा अगदीच खोटा नाही. हिचं एकटीचं नाव गाळलं तर ते पण उठून दिसणारच.

म्हणून हेडसरांकडे गेले आणि म्हणाले की सगळ्यांचंच वाचणं बंद करा ना. ते म्हणाले विचार करतो, तुम्ही लेखी द्या. आता लेखी द्यावं का? मिस्टर म्हणतात लेखी दिलं की प्रकरण वाढतं, वर्ष संपत आलंय, सोडून दे.

खडूफळा

द्या. लेखी द्या म्हणाले म्हणजे बहुतेक त्यांनाही हवंच आहे, बाईंना सांगायला हातात कागद पाहिजे असतो मुख्याध्यापकाला. ज्येष्ठ शिक्षिका असेल तर नुसतं तोंडी सांगून हेडसरचं पण कोणी ऐकत नाही.

अर्जात बाईंचं नाव नको, तुमच्या मुलीचं पण नको. "इयत्ता दहावीच्या सर्व वर्गांत चाचणीचे गुण जाहीर वाचू नयेत, उत्तरपत्रिका विद्यार्थ्यांच्या हाती द्याव्यात" एवढंच, आणि खाली सुप्रीम कोर्टाच्या जुलै २०२५ च्या निर्देशांचा एका ओळीत उल्लेख. सोबत टेलिमानसचा नंबर वर्गात लावावा ही पण विनंती टाका, ती लगेच मान्य होते आणि मग दुसरीला नाही म्हणणं जरा जड जातं. पाच-सहा पालकांच्या सह्या मिळाल्या तर उत्तम. चित्रकलेच्या बाईंकडे बसणाऱ्या त्या दोघी-तिघींच्या आया आहेतच की.

दोन प्रती काढा, एक ऑफिसात द्यायची, दुसरीवर पोच आणि आवक क्रमांक घ्यायचा. क्लार्क म्हणेल ठेवून जा, नंतर देतो. ठेवून जाऊ नका.

पाऊसवेडी

ताई तो अर्ज लिहिलात की इथे टाकाल का प्लीज, नावं काढून. मी फक्त इयत्ता बदलून आमच्या शाळेत देते.

कृष्णाकाठची

हो, रविवारी बसते लिहायला. त्या दोघींच्या आयांशी आज बोलले, एक लगेच तयार झाली, दुसरी म्हणाली मिस्टरांना विचारून सांगते.